आधी उजवं, मग डावं

२ जून

आज आक-साझच्या कुरणावर विमान मी उतरवलं. मी, बुरुल, जिला शाळेत भूमिती शिकवताना फळ्यावर सरळ रेघ ओढता येत नव्हती. एका अंगाला ओढा, दुसऱ्या अंगाला दगडांचा ढीग, मधे गवताची एवढीशी पट्टी, आणि ऐन वेळी तोलोगोन आकेंनी दांड्यावरचे हात काढून मांडीवर ठेवले. म्हणाले, "चल, तू उतरव." मला वाटलं चेष्टा करतायत. मान वळवून बघते तर म्हातारा खुशाल बसलेला, जसा काही बसमध्ये खिडकीची जागा मिळालीय.

आणि उतरवलं! चाबदारनं एक उडी मारली, पण एकच. चाबदार म्हणजे आमचं लहान विमान. आमचा मेकॅनिक एसेननं रंगवताना अंग तांबूस ठेवलं आणि शेपटी पांढरी, तसल्या घोड्याला जे म्हणतात तेच नाव याला चिकटलं. आमच्या तळावर विमानं दोनच, कॅप्टन एकच, ते म्हणजे आके (थोरल्या माणसाला मानानं असंच म्हणतात), आणि शिकाऊ मी एकटीच.

शिकाऊ माणसानं डोंगरातल्या पट्टीवर विमान उतरवायचं नसतं, तो फक्त कॅप्टनचा मान. आके म्हणाले, कुणापाशी बोलू नकोस. म्हणून ही वही काढली, कारण सांगायचं नाही म्हटल्यावर माझ्या पोटात मावेना. वीस ऑगस्टला माझी परीक्षा. पास झाले की डोंगरात एकटीनं पीठ, औषधं, आजारी माणसं न्यायची परवानगी. आणि त्या दिवशी आके माझा दोरा कापणार. बाळ चालायला लागलं की त्याच्या पायांत काळा-पांढरा दोरा बांधून कापतात ना, ज्याच्यासारखं बाळ व्हावं असं वाटतं त्याच्या हातून, तसाच आमच्या तळावर डोंगरात पहिल्यांदा एकट्यानं जाणाऱ्याचा कापतात. त्याशिवाय कुणी गेलेलं नाही. एसेन म्हणतो, तुझे पाय जाड, दोर लागेल दोर.

५ जून

आई अजून धुसफुसतेय. चांगली शाळेतली नोकरी सोडून पोरगी आभाळात लोंबकळते, असं आज भाजीवालीला सांगत होती, मला ऐकू जाईल अशा बेतानं. मी ऐकलं आणि दोन मुळे जास्त घेतले.

११ जून

आके आता मला पहिलीतल्या पोरीसारखं वाचायला लावतात. उंची किती, वेग किती, तेल किती, सगळं मोठ्यानं. उडाल्यापासून उतरेपर्यंत माझी टकळी चालू. विचारलं, आके, हे काटे तुमच्यासमोर पण आहेतच की. तर म्हणाले, "तोंडानं म्हटलेलं डोक्यात राहतं." गेल्या उन्हाळ्यातल्या शिकाऊ पोराला म्हणे हे कधी करायला लावलं नव्हतं, एसेन सांगत होता. म्हणजे माझ्यावर खास मेहनत घेतायत. छाती फुगली माझी.

आज आडव्या वाऱ्याचा धडा झाला. वारा बाजूनं असला की त्या बाजूचा पंख खाली दाबायचा आणि त्याच बाजूचं चाक आधी टेकवायचं, मग दुसरं. दोन्ही एकदम टेकवलीस तर वारा पंखाखाली शिरतो आणि उचलून आपटतो. आणि वारा कुठून येतो ते कुणाला विचारायचं? घोड्यांना. घोडा वाऱ्याकडे पाठ करून उभा राहतो. "रेडिओवरचा वारा तासाभरापूर्वीचा असतो पोरी, घोड्याच्या ढुंगणावरचा आत्ताचा असतो." खांबावर पट्ट्यापट्ट्यांची वाऱ्याची पिशवी असते ती आहेच, पण आके उतरण्याआधी दर वेळी विचारतात, "घोडे काय म्हणतात?" मी सांगते. एकदाही चुकले नाही.

चहा पिताना त्यांनी वाटीच्या बाहेर ओतला आज, चांगला अर्धा घोट चटईवर. एसेनकडे बघून बोलत होते. बोलण्यात असले की त्यांना भान राहत नाही.

१५ जून

मोठी गंमत. सकाळी लवकर तळावर गेले तर शेडमागे आके एकटेच काहीतरी पुटपुटत होते. कान देऊन ऐकलं, तर नुसती अक्षरं, ओळीओळीनं, शा-बे, एम-एन-का, पुढं आणखी. रेडिओच्या खुणा पाठ करत असणार. साठी उलटली तरी अभ्यास सुटत नाही, आणि इथं माझं हवामानाचं पुस्तक उशाखाली झोपा काढतंय. लाज वाटली. आज चाळीस पानं वाचली.

२० जून

परवाच्या वादळात आक-साझच्या खांबावरच्या पिशवीच्या चिंध्या झाल्या. नवी शिवायचं काम माझ्यावर आलं. "आईच्या घरी मशीन आहे ना?" असं आके म्हणाले. मशीन आहे, पण आईला विचारलं तर ती म्हणाली, विमानाचं काही मी शिवणार नाही, ज्याला उडायचंय त्यानं शिवावं. कापड आणून ठेवलंय, लाल आणि पांढरं. रविवारी बसते.

२८ जून

रविवारी नाही जमलं. या आठवड्यात सहा खेपा! मंगळवारी एका बाईला कळा सुरू झाल्या, तिला वरून खाली आणलं. ती मागं ओरडतेय, मी उंची वाचतेय, आके तिला सांगतायत, "अगं, आवाज कर, इंजिनाला जोर येतो." मुलगा झाला. आमच्यापैकी कुणाचं तरी नाव ठेवतील अशी आशा होती, पण त्यांनी ठेवलं तिच्या सासऱ्याचं.

परतताना तळाजवळच्या तळ्यावर आलो तेव्हा आके म्हणाले, आज पण धुकं आहे वाटतं. मला पलीकडच्या काठाची झाडंसुद्धा दिसत होती. माझी परीक्षा घेत असणार, मी हो ला हो करते का बघायला. मी ठणकावून सांगितलं, धुकं नाही, लख्ख आहे. "बरं," म्हणाले.

३ जुलै

पिशवी शिवायची आहे!! उद्या नक्की. कापडावर मांजर झोपलंय.

६ जुलै

डावा हात बांधलाय, बरं झालं उजव्यानं लिहिते. आक-साझलाच आहे, तोतुया आपाच्या तंबूत. सगळं क्रमानं लिहिते, नाहीतर झोप येणार नाही.

निघालो साडेअकराला. पाठीमागे पिठाची दोन पोती आणि तोतुया आपाचं साय काढायचं यंत्र. तोतुया आपा म्हणजे आकेंची थोरली बहीण, सत्तरीची, जीभ सुरीसारखी. मी खुशीत होते, घाटातून वर येईपर्यंत काटे वाचत होते आणि मधेच गाणंही म्हणत होते. घाटापाशी दोन-चार हिसके बसले. आके म्हणाले, दुपारचा वारा सुटला.

पट्टी दिसली. खांब उघडा, नुसता लोखंडी. माझी नजर त्याच्यावरून लगेच दुसरीकडे गेली, खरं सांगायचं तर मी ती मुद्दाम नेली.

"घोडे काय म्हणतात?"

मी बघितलं. पट्टीच्या शेजारच्या उतारावर एक नवा तंबू लागला होता, आणि त्याच्या समोर दहा-बारा घोड्या ओळीत उभ्या, सगळ्यांच्या शेपट्या पूर्वेला. शाळेतली पोरं प्रार्थनेला उभी राहावीत तशा. इतकं स्पष्ट उत्तर मला आजवर मिळालं नव्हतं. म्हटलं, "वारा पूर्वेकडून, सरळ पट्टीवरून येतोय. समोरूनच घेऊ."

वळले, पूर्वेला तोंड केलं, खाली यायला लागले. चाबदार सारखा डावीकडे सरकत होता. मी ओढून पट्टीवर आणायची, तो परत सरकायचा. मला वाटलं हिसके आहेत. तेवढ्यात आके म्हणाले, "माझं बूड सांगतंय, वारा उजवीकडनं आहे."

"नाही आके, घोडे समोरून म्हणतात. सगळ्याच्या सगळ्या."

त्यांचे हात मांडीवरून उचलले गेले, मी डोळ्याच्या कडेनं बघितलं. मग परत मांडीवर गेले. "तुला दिसतंय ना," म्हणाले, "मग तुझं खरं."

दोन्ही चाकं मी एकदम टेकवली. सुरेख टेकली, एकही उडी नाही. मी हसले सुद्धा. आणि मग उजव्या पंखाखाली कुणीतरी खांदा लावला. उजवा पंख वर, डावा गवतात, चाबदार उधळला, गर्रकन फिरला, आभाळ, ओढा, दगड, परत ओढा, आणि धाडकन नाकावर. पंखा वाकला. डावं चाक कुठं गेलं कळलं नाही. इंजिन बंद आणि पिठाचा पांढरा ढग सगळीकडे. मला वाटलं मेले. मग आके खोकले, म्हणून कळलं की नाही मेले.

पहिलं काय बोलले असतील? "बुरुल, तेलाची चावी बंद कर." केली. "हातपाय?" आहेत. "यंत्र?" मागं वळले, साय काढायचं यंत्र दोन पोत्यांच्या मधे जसं ठेवलं होतं तसं बसलेलं. तेव्हा मला हसू फुटलं आणि थांबेचना, आणि आके पण हसायला लागले, दोघं पिठानं पांढरे, उलट्या टोपलीतल्या उंदरांसारखे. लोक घोडे पिटाळत आले तर आम्ही हसतोय.

बाहेर आले आणि वारा तोंडावर बसला. दक्षिणेकडून, थेट घळीतून. मी त्या घोड्यांकडे बघितलं. प्रत्येकीच्या पोटाशी एक शिंगरू, आणि शिंगरं जमिनीवर ताणलेल्या दोराला बांधलेली. दुधाची वेळ! नव्या तंबूवाल्यांनी परवाच दोर तिथं ताणला होता. घोडी आपल्या शिंगरापाशी उभी राहते, मग वारा येऊ दे नाहीतर वावटळ. हे आमच्यातल्या चार वर्षांच्या पोराला कळतं. मी आजोळी किती दूध काढलंय! डोळे असून आंधळी म्हणतात ती मी.

७ जुलै

जीव वाचला म्हणून आज मेंढी कापली. अख्खं कुरण जेवायला. प्रत्येकानं येऊन मला विचारलं की पोरी, घोडी दूध देताना वारा बघते का गं. एका म्हाताऱ्यानं तर दोनदा विचारलं, एकदा जेवणाआधी, एकदा नंतर. मी हाडूक चोखत हूं हूं करत होते.

तोतुया आपा मात्र मला काही बोलली नाही. कुमिस, म्हणजे घोडीचं आंबवलेलं दूध, ओतता ओतता भावाकडे वळली. "ती शहरातली पोर आहे, तिचं सोड. पण तोलोगोन, तू रे? तुझ्या नजरेतून बांधलेलं शिंगरू कधीपासून सुटायला लागलं?"

आके म्हणाले, "इंजिनाचा आवाज होता, एजे." एजे म्हणजे ताई. आपा त्यांच्याकडे बघतच राहिली. ऐकण्याचा काय संबंध मला कळलं नाही, पण मी काही विचारण्याच्या मनःस्थितीत नव्हते.

११ जुलै

ट्रकमधून खाली आलो. चाबदारचे पंख काढून दुसऱ्या ट्रकमध्ये. एसेन त्याच्याशी बोलत होता, माझ्याशी नाही.

आणि आज आकेंनी अहवाल लिहिला. म्हणजे त्यांनी सांगितलं आणि मी लिहिला, त्यांचा चष्मा घरी राहिला होता. "विमान मी उतरवत होतो. वाऱ्याचा अंदाज माझा चुकला." इथं माझं पेन थांबलं. म्हटलं, आके, हे खोटं आहे. म्हणाले, लिही. मी नाही म्हटलं. मग ते चिडले, पहिल्यांदाच. "तू उतरवलंस असं कळलं तर वीस ऑगस्ट विसर. परत परीक्षेला बसूसुद्धा देणार नाहीत. माझं काय, मला फार तर तीन महिने घरी बसवतील. लिही मुकाट."

लिहिलं. हात माझा आणि खोटं त्यांचं. घरी आले आणि पहिली गोष्ट केली ती मशीनवर बसले. रात्री जेवले नाही, पिशवी शिवली. वाकडी झाली आहे, एक पट्टा रुंद एक अरुंद. आई दारात उभी राहून बघत होती. 

१२ जुलै

सकाळी उठले तर आईनं सगळी पिशवी उसवून ठेवली होती, आणि नऊ वाजेपर्यंत नवी शिवून दिली, दुहेरी टाक्यांची.

१५ जुलै

अठराला राजधानीतून समिती येतेय. डोक्यात दोन बायका भांडतायत. एक म्हणते, गप्प बस, परीक्षा दे, आकेंनी एवढं केलंय ते वाया घालवू नकोस. दुसरी म्हणते, पिशवी तू शिवली नाहीस, घोड्या तुला ओळखता आल्या नाहीत, विमान तू आपटलंस, आणि चाळीस वर्षांत एक ओरखडा नसलेल्या माणसाच्या वहीत पहिला डाग तुझ्यामुळे. दुसरीचा आवाज मोठा आहे.

१८ जुलै

सांगितलं! सगळं सांगितलं! काय हलकं वाटतंय.

तिघं होते. टक्कल असलेले अध्यक्ष, एक इंजिनिअर, आणि कोपऱ्यात एक डॉक्टरीण. आकेंनी तेच सांगितलं, मी उतरवत होतो. माझी पाळी आली, अध्यक्ष म्हणाले, तुला काही वेगळं सांगायचंय का? मी म्हटलं, हो. दांडा माझ्या हातात होता. आकेंनी खोलीच्या दुसऱ्या टोकाकडून "बुरुल" अशी हाक मारली, पण मी सुटले होते. पिशवी, मांजर, घोड्या, शिंगरं, सगळं. आणि मग वाटलं नुसतं माझं सांगून भागणार नाही, हा माणूस काय चीज आहे तेही यांना कळायला पाहिजे, नाहीतर म्हणतील शिकाऊ पोरीच्या हातात विमान देतो बेजबाबदार. म्हणून सांगितलं, असा गुरू तुम्हाला अख्ख्या देशात मिळणार नाही. दुसरे हात सोडत नाहीत, यांनी जूनपासून एकही उतरणं स्वतः केलेलं नाही, सगळी मला दिली. काटे मला मोठ्यानं वाचायला लावतात, प्रत्येक उड्डाणात, उंचीपासून तेलापर्यंत. पट्टी किती लांब राहिली तेही मला सांगायला लावतात. घोडे कुठे तोंड करून आहेत ते विचारतात. लख्ख उन्हात धुकं आहे म्हणून मला फसवायला बघतात. इतकी मेहनत कोण घेतं?

अध्यक्ष लिहायचे थांबले होते. डॉक्टरीण पहिल्यांदाच बोलली, अगदी हळू. "हे काटे वाचायला लावणं कधीपासून, बाळा?"

मी अभिमानानं सांगितलं, "जूनच्या सुरुवातीपासून. रोज."

तिनं पेन खाली ठेवलं. मला वाटलं पटलं तिला. आकेंकडे बघितलं, ते खिडकीकडे तोंड करून बसले होते.

मला काय शिक्षा व्हायची ती होवो. पण आके सुटले, हे मी पैजेवर सांगते. घरी येऊन आईला सगळं सांगितलं, तिनं सणाला करतात ते कणकेचे बोरसोक तळले.

२० जुलै

निकाल. माझी परीक्षा रद्द नाही! पुढे ढकलली, सप्टेंबरमध्ये, आणि त्याआधी नव्या शिक्षकाबरोबर चाळीस वेळा उतरायचं. खरं बोलले म्हणून दया दाखवली असं कागदावरच लिहिलंय. आकेंना फक्त डोळे तपासायला बोलावलंय, मामुली सोपस्कार असणार. मी त्यांना फोन केला, उचलला नाही. आनंदात असतील.

२४ जुलै

एसेननं सांगितलं. शेडमध्ये, चाबदारच्या मोडक्या पंखाला पत्रा ठोकता ठोकता, माझ्याकडे न बघता. या वेळी डोळ्यांच्या तपासणीला अक्षरांचा तक्ता नव्हताच. एका बाजूनं तुटलेल्या कड्यांची चित्रं होती, कुठल्या बाजूनं तुटलंय ते सांगायचं. आकेंना एकही सांगता आलं नाही. डाव्या डोळ्याला नुसता उजेड कळतो, उजवाही त्याच वाटेवर आहे, आणि यावर इलाज नाही. अक्षरांचा तक्ता त्यांना पाठ होता. आपल्याकडे तो सगळ्यांनाच अर्धा पाठ असतो, यांनी शेवटच्या ओळीपर्यंत केला होता.

शा-बे, एम-एन-का.

घरी येऊन ही वही पहिल्यापासून वाचली. सगळं लिहिलंय की गं मी. चहा, धुकं, चष्मा, आपाचा प्रश्न. स्वतःच्या अक्षरात लिहिलंय आणि एक ओळ मला वाचता आली नाही.

२६ जुलै

आकेंच्या घरी गेले. दार त्यांनीच उघडलं. मी म्हटलं, आके, मला माहीत नव्हतं. आयुष्यात एवढी रडले नव्हते मी, त्यांच्या उंबऱ्यात, शेजारी बघतायत, नाक वाहतंय. ते म्हणाले, "एक उन्हाळा मागत होतो. फक्त हा एक, तुझ्या परीक्षेपर्यंत." आणि आत गेले. दार आपटलं नाही, नुसतं लावून घेतलं, ते जास्त लागलं.

२ ऑगस्ट

आके वर गेले, आक-साझला, तोतुया आपाकडे. घोडा घेऊन. एसेन म्हणतो, घोड्याला वाट दिसते, तेवढं पुरे.

१४ ऑगस्ट

नवे शिक्षक चांगले आहेत. हात दांड्यावरून कधीच काढत नाहीत. आज तेविसावं उतरणं. तळ्यावर पश्चिमेचा वारा सुटला होता, झाडं वाकली होती, आणि मी उजवा पंख दाबून असं काही उतरवलं की शिक्षक म्हणाले, हे कुणी शिकवलं. मी सांगितलं. त्यांनी नुसती मान हलवली. संध्याकाळी मी फार खूश होते आणि त्याबद्दल मलाच माझा राग येत होता, पण खूश होते.

२९ ऑगस्ट

परीक्षा ठरली. सहा सप्टेंबर, आक-साझला. शिक्षक मला वर नेतील, स्वतः खाली उतरतील, आणि मी एकटीनं तीन फेऱ्या घालून तीनदा उतरायचं. त्यानंतर पंधरवड्यात सगळे तंबू खाली येतील, म्हणजे ही शेवटची संधी. चाबदार तयार आहे. एसेननं नवा पंख जुन्यापेक्षा तांबडा रंगवलाय.

दोरा कोण कापणार, हा प्रश्न कुणी काढत नाही. एसेन म्हणाला, मी कापू का? मी म्हटलं, तुझ्यासारखी झाले तर काय करू. दोघंही हसलो. मी ठरवलंय, आकेंनी नाही कापला तर मी जाणार नाही. परीक्षकांनी नापास केलं तरी चालेल. वर जाणाऱ्या ट्रकबरोबर आईनं शिवलेली पिशवी पाठवली, आणि तिच्यात काळा-पांढरा दोरा गुंडाळून. चिठ्ठी लिहिली नाही, कुणाकडून तरी वाचून घ्यायला लागली असती.

६ सप्टेंबर

पास. आधी ते लिहिते, म्हणजे बाकीचं नीट लिहिता येईल.

घळ ओलांडली आणि पट्टी दिसली. खांबावर लाल-पांढरी पिशवी ताठ उडत होती, दक्षिणेकडचा वारा, सोसाट्याचा, राहून राहून. शिक्षकांनी उतरवलं आणि म्हणाले, थांबायचं का दुपारनंतर? मी म्हटलं, दुपारनंतर आणखी वाढतो. ते उतरले. मीही उतरले, आणि चाबदारच्या पंखाला धरून उभी राहिले, कारण दुसरं काय करावं सुचेना.

सगळं कुरण जमलं होतं. आके नव्हते. तोतुया आपा होती, हाताची घडी घालून. ट्रकनं वर आलेले परीक्षक घड्याळ बघायला लागले. मी आपाकडे बघितलं, तिनं डोळ्यांनीच थांब म्हटलं. मग तंबूंच्या मागून ते आले, हळू, काठीनं गवत चाचपत. कुणी हात धरायला पुढे झालं तर त्यांनी झटकला. माझ्या समोर येऊन थांबले, म्हणजे माझ्यापासून दोन हात डावीकडे. मी सरकून त्यांच्या समोर उभी राहिले.

गुडघ्यावर बसले. दोरा त्यांनीच बांधला, दोन्ही घोट्यांना. चाकू काढला. अंगठ्यानं दोरा शोधला, दोन बोटं दोऱ्याखाली घातली, माझ्या कातडीला पातं लागू नये म्हणून, आणि मधोमध कापला. मला वाटलं काहीतरी आशीर्वाद देतील. एवढंच म्हणाले, "तेव्हा मी बुडाचं ऐकायला हवं होतं. ती चूक माझी होती, तुझी नव्हे. जा."

गेले. वर एकटी! शेजारची खुर्ची रिकामी, आणि मी आपली मोठ्यानं वाचतेय, उंची इतकी, वेग इतका, तेल इतकं. सवय. ओरडत होते बहुतेक. खाली घोड्या परत शिंगरांपाशी रांगेत उभ्या, शेपट्या पूर्वेला, जशा काही मला पुन्हा फसवायलाच. मी त्यांना वरून जीभ दाखवली. वळले. वाऱ्यानं ढकललं, मी उजवा पंख दाबला, ढकललं, दाबला, एकदा तर पट्टी पार सुटलीशी वाटली, पण सुटली नव्हती. टेकले. पुन्हा वर. पुन्हा टेकले. तिसऱ्यांदा सर्वांत वाईट हिसका बसला, पट्टीला लागून, जिथं जुलैमध्ये बसला होता अगदी तिथंच, आणि चाबदारनं कान टवकारले आणि सरळ राहिला.

उतरले. लोक ओरडत होते, पोरं पंखाला लोंबकळत होती, परीक्षक काहीतरी लिहून देत होते, आणि मी सगळ्यांतून वाट काढत पट्टीच्या कडेला गेले, जिथं आके काठीवर हनुवटी टेकून बसले होते.

म्हटलं, आके, कशी उतरले?

"आधी उजवं वाजलं, मग डावं," ते म्हणाले. "तिन्ही वेळा. तिसऱ्यांदा डाव्याला जरा उशीर झाला, पण चालेल." आणि चेहरा माझ्या आवाजाकडे वळवून विचारलं, "घोडे काय म्हणत होते?"

मी म्हटलं, "आज घोड्यांना विचारलंच नाही आके. बुडाला विचारलं."

तेव्हा ते हसले. जुलैमध्ये पिठात बसून हसलो होतो, त्यानंतर आजच. मग मला हाताला धरून उठवायला सांगितलं, आणि तंबूपर्यंत वाटेत काय काय दिसतंय ते सगळं मी त्यांना मोठ्यानं सांगत गेले.